टोचलेल्या सुईची नोंद कुठे आहे?

आपल्या रक्ताची तपासणी करणारा माणूस त्या कामातच आजारी पडला, तर त्याला ती बाधा कुठून झाली हे सांगणारा एक कागदही बहुतेक छोट्या प्रयोगशाळांत सापडणार नाही. रुग्णाचे नाव, वय, साखर, हिमोग्लोबिन, बिलाची रक्कम या सगळ्यांची नोंद होते. ट्यूबवर बारकोड लागतो. पण सँपल घेताना तंत्रज्ञाच्या बोटात सुई गेली, ट्यूब फुटून रक्त डोळ्यांत उडाले, थुंकीची डबी हातात सांडली, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. नोंद नाही म्हणून उपचार नाहीत, उपचार नाहीत म्हणून आजार, आणि आजार झाल्यावर पुरावा नाही म्हणून भरपाईही नाही. पनवेल तालुक्यातल्या गव्हाण-उलवे पट्ट्याने ही साखळी आजच तोडली पाहिजे. कारण पुढच्या काही वर्षांत या परिसरात प्रयोगशाळा ज्या वेगाने वाढतील, त्याच वेगाने हा धोकाही वाढणार आहे.

गव्हाण हे आता खाडीकाठचे आडबाजूचे गाव राहिलेले नाही. १९८९ मध्ये शेजारी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल धावू लागली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर विमाने उडू लागली. बंदर, गोदामे, विमानतळ आणि बांधकामे यांच्यामागोमाग हजारो कुटुंबे इथे राहायला आली, अजूनही येत आहेत. माणसे आली की दवाखाने येतात आणि दवाखान्यांच्या मागून प्रयोगशाळा. इमारतीच्या तळमजल्यावरचा एक गाळा, पुढे टेबल-खुर्ची, मागे पडद्याआड सेंट्रीफ्यूज, एक छोटा फ्रिज आणि दोन-तीन कामगार, असा या व्यवसायाचा सर्रास दिसणारा आकार आहे. काही ठिकाणी तर तपासणीही होत नाही. तिथे फक्त सँपल घेतले जाते आणि दुचाकीवरून मोठ्या लॅबकडे पाठवले जाते. या प्रकल्पांत जमीन गेलेल्या घरांतली मुले-मुली डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, करून याच गाळ्यांत नोकरीला लागतात. त्यांच्या आईवडिलांनी शेती आणि मिठागरे गमावली. मुलांचे आरोग्यही त्यांनी विकासाच्या खात्यात जमा करावे, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

धोका नेमका कुठे आहे हे समजण्यासाठी सकाळी सात ते दहा या वेळेतली एखादी लॅब पाहावी. उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग लागलेली असते. तंत्रज्ञ दंडाला पट्टा आवळतो, शीर शोधतो, सुई घालतो, ट्यूब भरतो, कापूस देतो. आता हातात वापरलेली सुई आहे. सुई टाकायचा, भोक न पडणारा डबा हाताशी असेल, तर ती तिथल्या तिथे त्यात जाते. डबा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात असेल किंवा मुळातच नसेल, तर तंत्रज्ञ डाव्या हातात टोपण धरतो आणि उजव्या हाताने सुई त्यात घालायला जातो. नेमका याच क्षणी पुढचा रुग्ण हाक मारतो किंवा फोन वाजतो. सुई टोपणाच्या कडेवरून घसरते आणि अंगठ्यात किंवा तर्जनीत घुसते. तो बोट पिळतो, स्पिरिटचा बोळा फिरवतो, ग्लोव्ह बदलतो आणि पुढच्या रुग्णाला बसायला सांगतो. मालकाला सांगत नाही, कारण ओरडा बसेल. घरी सांगत नाही, कारण घाबरतील. ज्याची सुई टोचली तो रुग्ण एव्हाना पैसे देऊन घरी गेलेला असतो.

या एका घसरलेल्या सुईचे गणित वैद्यकशास्त्राने केव्हाच मांडून ठेवले आहे. जिच्यात हिपॅटायटिस बी-चे रक्त आहे अशी सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर शंभरपैकी सहा ते तीस जणांना बाधा होऊ शकते. हिपॅटायटिस सी-साठी हे प्रमाण शंभरपैकी दोन किंवा त्याहून कमी, आणि एचआयव्हीसाठी हजारात तीन आहे. म्हणजे ज्या एचआयव्हीची सर्वांना धास्ती असते, त्याच्यापेक्षा हिपॅटायटिस बी-चा विषाणू कितीतरी पटींनी सहज लागतो. वाळलेल्या रक्तातही तो सात दिवस जिवंत राहू शकतो. टेबलावरचा तपकिरी डाग निरुपद्रवी वाटतो, तो तसा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या अहवालातील अंदाजानुसार, जगातील साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे तीस लाखांना दरवर्षी अशा रीतीने संसर्गित रक्ताशी संपर्क येतो. त्या तीस लाखांत कुणीतरी आपल्या गावातलेही असणार, हे आपण लक्षात घ्यायला हवे.

सुई तरी दिसते. हवेतला धोका दिसतही नाही. सेंट्रीफ्यूजमध्ये ट्यूब फुटली आणि झाकण लगेच उघडले, तर रक्ताचे डोळ्यांना न दिसणारे तुषार खोलीभर पसरतात. म्हणूनच यंत्र बंद करून अर्धा तास झाकण तसेच ठेवायचे असते. थुंकीच्या डबीचे झाकण उघडताना, काचपट्टीवर थुंकी पसरताना, नमुना ढवळताना क्षयाचे जंतू हवेत येतात. पंखा जोरात फिरत असेल, खिडकी नसेल आणि तंत्रज्ञ नाकावर साधा कापडी मास्क लावून बसला असेल, तर त्याच्या फुप्फुसांना आडोसाच उरत नाही. रॉबर्ट पाइक या अमेरिकी संशोधकाने १९७६ मध्ये प्रयोगशाळेत झालेल्या ३,९२१ संसर्गांचा आढावा प्रसिद्ध केला. सुई टोचणे, नमुना सांडणे यांसारखा ठळक अपघात त्यातल्या वीस टक्क्यांहूनही कमी प्रकरणांत सापडला. बाकीच्या अनेक प्रकरणांत बाधा नेमकी केव्हा आणि कशी झाली, हे कळलेच नाही. ‘आमच्याकडे आजवर काही झालेले नाही’ हे लॅबमालकांचे नेहमीचे वाक्य आहे. त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

या धोक्याशी मुंबईचे नाव सव्वाशे वर्षांपूर्वीच जोडले गेले आहे. १८९७ मध्ये प्लेगचा अभ्यास करायला ऑस्ट्रियाचे वैद्यकीय पथक मुंबईत आले होते आणि परतताना ते प्लेगचे जंतू व्हिएन्नाला घेऊन गेले. ऑक्टोबर १८९८ मध्ये तिथल्या प्रयोगशाळेत प्लेगची लागण झाली. सर्वांत आधी गेला तो प्राण्यांची आणि साफसफाईची कामे करणारा सेवक, फ्रान्झ बारिश. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. हर्मान म्युलर, म्हणजे मुंबईच्या पथकातलेच डॉक्टर, काही दिवसांत गेले. त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका अल्बिना पेखा हीसुद्धा वाचली नाही. या मृत्यूंचा क्रम पाहण्यासारखा आहे. धोक्याविषयी ज्याला सर्वांत कमी सांगितले गेले असेल, तो सर्वांत आधी बळी पडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातही, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, क्यासनूर जंगल तापावर काम करताना कर्मचाऱ्यांना प्रयोगशाळेतच लागण झाल्याचे संस्थेच्या शास्त्रज्ञांनी स्वतः नोंदवून प्रसिद्ध केले आहे. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात रुग्णांची सेवा करता करता कर्मचाऱ्यांना क्षय झाला आणि काहींचे प्राण गेले, हे मुंबईने पाहिले आहे. प्रशिक्षित माणसांच्या नामांकित संस्थांत जे घडू शकते, ते उलव्याच्या गाळ्यात घडणार नाही असे मानायला कोणता आधार आहे?

इथे एक गोष्ट विशेष गंभीर आहे, आणि तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष नाही. हिपॅटायटिस बी-ची लस आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात २००२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि देशभर पोहोचायला २०११ उजाडले. आज लॅबमध्ये काम करणारी विशी-पंचविशीतली बहुतेक मुले त्याआधी जन्मलेली आहेत. म्हणजे लहानपणी ही लस मिळाल्याची खात्री त्यांच्यातल्या अनेकांना देता येणार नाही. मोठेपणी ती तीन मात्रांत घ्यायची असते. पहिल्या मात्रेनंतर एक महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून ती पुरेशी आली की नाही हे पाहायचे. ज्या लॅबमध्ये इतरांच्या अँटीबॉडी मोजल्या जातात, तिथल्याच तंत्रज्ञाच्या अँटीबॉडी कुणी मोजलेल्या नसाव्यात, याइतकी लाजिरवाणी गोष्ट नाही. पहिली मात्रा घेऊन पुढच्या दोन विसरलेली माणसे आपल्या आसपास किती आहेत, हे कुठल्याही लॅबमध्ये जाऊन विचारून पाहा.

सुई टोचल्यानंतर काय करायचे, हेही ठरलेले आहे. बोट पिळायचे नाही, चोखायचे नाही. जखम वाहत्या पाण्याने साबण लावून धुवायची. ती सुई कोणत्या रुग्णाची होती ते टिपायचे आणि त्याच्या संमतीने त्याचे रक्त तपासायचे. एचआयव्हीची शक्यता असेल तर प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करायचे. बहात्तर तास उलटल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. ते अठ्ठावीस दिवस न चुकता घ्यायचे. हिपॅटायटिस बी-ची लस झालेली नसेल आणि सुईचा रुग्ण बाधित असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन शक्यतो चोवीस तासांत द्यायचे. सी-वर लस नाही. मात्र पुढील काही महिने तपासण्या करत राहिल्यास बाधा वेळेत कळते, आणि आता ती औषधांनी बरी होते. इतका स्पष्ट मार्ग असताना माणूस अडकतो तो पहिल्याच पायरीवर. रात्री दहा वाजता गव्हाणात सुई टोचली, तर जायचे कुठे? फोन कुणाला करायचा? औषध पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात त्या वेळी हातात मिळेल का? पैसे कोण देईल? ज्या लॅबमध्ये या चार प्रश्नांची उत्तरे भिंतीवर लिहिलेली नाहीत, तिथे दोन तास बघता बघता निघून जातात.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे म्हणता येणार नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ पासून लागू आहेत. ते रुग्णालयांइतकेच रोगनिदान प्रयोगशाळांनाही लागू आहेत, प्रयोगशाळा कितीही लहान असली तरी. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करायची, प्रशिक्षण द्यायचे, ही मालकाची जबाबदारी नियमांत लिहिलेली आहे. रक्ताचे नमुने आणि जंतूंची वाढ केलेल्या ताटल्या जागेवरच निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर पाठवता येत नाहीत. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तो आरोग्यसेवेतल्या प्रत्येक आस्थापनेला संरक्षणाची साधने, त्यांच्या वापराचे प्रशिक्षण आणि अपघातानंतरचे प्रतिबंधक औषध पुरवायला बांधून घेतो. कामगार भरपाईच्या तरतुदींनी प्रयोगशाळेतल्या कामातून होणारे संसर्गजन्य आजार व्यावसायिक आजारांच्या अनुसूचीत घातले आहेत. कागदावर तंत्रज्ञ अनाथ नाही.

तरीही तो प्रत्यक्षात एकटा पडतो, आणि त्याचे कारण नियमांतच दडलेले आहे. २०१६ च्या नियमांत ‘मोठ्या अपघाता’ची व्याख्या दिली आहे. कचऱ्याची गाडी उलटणे, कचरा पाण्यात जाणे असे अपघात चोवीस तासांत कळवावे लागतात. सुई टोचण्याची घटना मात्र या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळली आहे. तिची माहिती मालकाने वर्षातून एकदा, ३० जूनपर्यंत पाठवायच्या अहवालात द्यायची. म्हणजे दोन तासांत उपचार हवा अशा अपघाताची माहिती सरकारला कळायला वर्ष लागू शकते, आणि तीही मालकाने लिहिली तरच. त्यात खाटा नसलेल्या आस्थापनांना, म्हणजे प्रयोगशाळांना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी एकदाच घ्यावी लागते. तिचे नूतनीकरण नाही. एकदा कागद मिळाला की त्या गाळ्यात पुन्हा कुणी डोकावायचे कारणच उरत नाही. अहवालात ‘अपघात : निरंक’ असे लिहिले, तर ते खरे आहे का हे पाहायला कोण येणार?

दुसरी फट आकाराची आहे. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांविषयीची नवी श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. कर्मचारी राज्य विम्याचा उंबरठाही दहाचाच. तीन माणसांची लॅब दोन्हींच्या बाहेर राहते, आणि सुई तर तिथेच अधिक टोचते. तिथे दुसरा माणूस नसतो, जागा अपुरी असते आणि एकाच टेबलावर रक्त, लघवी, बिल आणि चहा असे सगळे चालते. सामाजिक सुरक्षा संहितेने मात्र एक दार उघडे ठेवले आहे. केंद्र सरकारने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या व्यवसायात एकच कर्मचारी असला, तरी विम्याची तरतूद लागू करता येते. रोगनिदान प्रयोगशाळांतील काम हे धोकादायक काम आहे, हे अधिसूचनेत लिहायला सरकारला आणखी किती पुरावे हवे आहेत?

तिसरी फट महाराष्ट्राची स्वतःची आहे. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा. तो ज्या राज्यांनी स्वीकारला तिथे प्रयोगशाळांची नोंदणी आणि किमान निकष लागू होतात. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे. त्यामुळे लॅब उघडताना आरोग्य विभागाकडे नोंदणी करावी लागेल, असा थेट कायदा राज्यात नाही. पॅथॉलॉजिस्टच्या संघटना बोगस लॅबविरोधात वर्षानुवर्षे लढत आहेत. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिपोर्टवर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असा निर्णय दिला. त्या लढ्याचे मोल मोठे आहे. रिपोर्ट खोटा असेल, तर रुग्णाचा जीव धोक्यात येतो. पण सही कुणाची यावर जितकी चर्चा झाली, तितकी चर्चा सही होण्याआधी ट्यूब हाताळणाऱ्या हातांविषयी झाली नाही. जी लॅब आपल्या तंत्रज्ञाच्या जिवाबाबत बेफिकीर आहे, ती नमुन्याबाबत काळजी घेत असेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

सरकारने आपल्या घरातही पाहावे. गव्हाणसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी, मलेरियाचे रक्त, गरोदर बाईची तपासणी अशी सगळी कामे एखाद-दुसऱ्या माणसावर येतात. २०१७ पासून महालॅब योजनेखाली आरोग्य केंद्रांतून नमुने गोळा करून मोठ्या प्रयोगशाळांत पाठवले जातात. रुग्णाला मोफत तपासणी मिळते, हे चांगलेच आहे. पण त्या साखळीत रक्त काढणारा कंत्राटी आहे, पेटी उचलणारा कंत्राटी आहे, वाहन चालवणाराही कंत्राटी आहे. नमुन्यांची पेटी घेऊन रस्त्याने जाणाऱ्या माणसाला, पेटी उघडी पडली तर काय करायचे, हे कुणी सांगितले आहे का? खासगी लॅबसाठी घरोघरी सँपल घ्यायला जाणारी मुले तर आणखी उघड्यावर आहेत. रुग्णाच्या पलंगावर बसून रक्त काढायचे, वापरलेली सुई पाठीवरच्या बॅगेत टाकायची आणि वेळेत पुढच्या घरी पोहोचायचे. त्या बॅगेत सुयांचा कठीण डबा नसेल, तर खड्ड्यातल्या प्रत्येक हिसक्याला ती सुई कुणाच्या तरी अंगात शिरायला टपलेली असते.

हा प्रश्न तंत्रज्ञापाशी थांबत नाही. लॅबच्या काळ्या पिशवीतून बाहेर पडलेली सुई आधी सफाई कामगाराच्या हातात शिरते, मग कचरा वेचणाऱ्याच्या. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा परिसरात हिपॅटायटिस बी-ची साथ आली, शेकडो लोक बाधित झाले आणि अनेकांचा जीव गेला. वापरलेल्या सुया आणि सिरिंज पुन्हा वापरात आल्या, हे त्यामागचे कारण पुढे आले. वापरलेली सुई कापून टाकली नाही, कचऱ्याची लाल, पांढरी, पिवळी, निळी अशी रंगांनुसार विभागणी झाली नाही, अठ्ठेचाळीस तासांत कचरा उचलला गेला नाही, तर लॅबचा धोका गावाचा धोका होतो. ज्या खाडीत आजही गव्हाण, न्हावा, उलव्याचे कोळी मासेमारी करतात, तिच्या काठावर सुया पडू नयेत, ही मागणी जास्त नाही.

‘छोट्या लॅबला हे परवडणार नाही’ असे सांगितले जाते. हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो, कारण छोटी लॅब बंद पडली तर गरीब रुग्णाचीच गैरसोय होते. पण नेमके काय परवडत नाही? सुई आरपार जाणार नाही असा डबा, सुईची टोके कापणारा हब कटर, तीन मात्रांची लस, ग्लोव्हज, डोळ्यांवरचा चष्मा, रोज ताजे बनवलेले सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण आणि एक वही. लॅबची मंडळी ज्याला ‘हायपो’ म्हणतात ते द्रावण कालचे असेल, तर त्याचा जोर गेलेला असतो. ते रोज बनवायला पैसे कमी आणि शिस्त जास्त लागते. सांडलेल्या रक्तावर आधी कागद टाकायचा, त्यावर कडेकडून मध्यापर्यंत हायपो ओतायचा, वीस ते तीस मिनिटे थांबायचे, काच चिमट्याने उचलायची, हाताने कधीच नाही. याला यंत्र लागत नाही. एक तंत्रज्ञ आयुष्यभरासाठी यकृताचा रुग्ण झाला, तर त्याच्या घराला जो खर्च येतो, त्याच्यापुढे हा खर्च काहीच नाही. फरक इतकाच, की हा खर्च लॅबने करायचा असतो आणि तो खर्च कामगाराच्या घरावर पडतो. तो फरक मिटवणे हेच शासनाचे काम आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सुई टोचणे आणि रक्त उडणे या घटना मोठ्या अपघातांप्रमाणे चोवीस तासांत कळवणे बंधनकारक करावे. टोचलेल्या माणसाला दोष न देता ही नोंद व्हावी, आणि तिची प्रत त्याच्या हातात द्यावी, कारण भरपाईच्या दाव्यासाठी तोच पुरावा आहे. राज्याने प्रयोगशाळा नोंदणीचा कायदा करावा. त्यात रिपोर्टवरच्या सहीइतकेच कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचे आणि सुरक्षिततेचे निकष बंधनकारक असावेत. केंद्राने हे काम धोकादायक व्यवसाय म्हणून अधिसूचित करावे. २०१६ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा सनियंत्रण समिती असते आणि तिने दर सहा महिन्यांनी राज्याकडे अहवाल पाठवायचा असतो. रायगडच्या समितीने पुढच्या अहवालात पनवेल तालुक्यातल्या प्रत्येक लॅबची आणि कलेक्शन सेंटरची यादी, तिथल्या कर्मचाऱ्यांची संख्या, लस किती जणांना झाली आणि किती सुया टोचल्या, हे जाहीर करावे. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात अपघातानंतरचे प्रतिबंधक औषध रात्रंदिवस मिळावे आणि त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक तालुक्यातल्या प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लागावा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा सर्व खासगी-सरकारी लॅबच्या कर्मचाऱ्यांसाठी हिपॅटायटिस बी-च्या लसीचे शिबिर घ्यावे. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून आहे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण त्यात अभिप्रेतच आहे. शिबिरासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

मालकांना आमचे सांगणे इतकेच आहे, की या मागण्या मान्य होईपर्यंत थांबू नका. डबा उद्या आणता येईल, वही आज उघडता येईल. तंत्रज्ञांना सांगणे आहे, की सुईला टोपण लावू नका, टोचली तर लपवू नका, लेखी कळवा आणि पहिल्या दोन तासांत रुग्णालय गाठा. डीएमएलटी शिकवणाऱ्या संस्थांनी पहिल्या दिवशीच लसीच्या तीन तारखा विद्यार्थ्याच्या ओळखपत्रावर लिहाव्यात. लस न घेतलेल्या मुलाला प्रात्यक्षिकासाठी रक्त काढायला बसवणे हा गुन्हा मानावा.

आणि वाचकांनो, पुढच्या वेळी तुम्ही बाही वर करून बसाल, तेव्हा समोरच्या मुलाला किंवा मुलीला दोनच प्रश्न विचारा. हिपॅटायटिस बी-च्या तिन्ही मात्रा झाल्यात का? वापरलेली सुई कुठे टाकणार? उत्तर समाधानकारक नसेल, तर मालकाला जाब विचारा, ग्रामपंचायतीत विषय काढा, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहा. तुमच्या रक्तातला आजार शोधून देणाऱ्या माणसाला त्याच रक्तातून आजार मिळत असेल, तर तो अपघात ठरत नाही. तो मालकाचा, शासनाचा आणि गप्प बसलेल्या आपल्या सर्वांचा अपराध ठरतो.